साडेसहाच्या आत घरी : मुलींच्या फुटबॉलबद्दल एका वडिलांना उत्तर

प्रश्न जालन्याच्या एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी सातवीत आहे, दोन वर्षांपासून फुटबॉल खेळते. ते लिहितात : "टपरीवर मित्र म्हणतात, बायकांचा फुटबॉल कोण बघतं? बाहेरच्या देशात वाढतोय म्हणतात ते सगळं टीव्हीवाल्यांचं. मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. खरंच वाढतोय का? आपल्यासारख्यांनी पाठिंबा द्यायचा म्हणजे काय करायचं? आणि ती गल्लीतल्या मुलांमध्येच खेळते, ते चालेल का?"

भाऊ, आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं कुठलं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची कळंबची, खो-खोची खेळाडू. बी.पी.एड. करून बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला लागले, त्याला आता बावीस वर्षं झाली. फुटबॉल मी कधी खेळले नाही. पोरींना शिकवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून शिकले. पहिली दोन वर्षं मला स्वतःलाच ऑफसाइडचा नियम समजत नव्हता, शिट्टी मात्र जोरात वाजवायचे.

तुमच्या मित्रांचं निम्मं खरं आहे, ते आधी कबूल करू. २२ एप्रिल २०२२ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर बार्सिलोना आणि जर्मनीचा वोल्फ्सबर्ग या महिला संघांचा सामना बघायला ९१,६४८ लोक आले होते. हा आकडा सगळे सांगतात. पण याच बार्सिलोनाच्या बायका एरवी लीगचे सामने ज्या छोट्या मैदानावर खेळतात तिथे सहा हजार लोक बसतात, आणि तेही दर वेळी भरत नाही. म्हणजे वाढ आहे, पण ती आपल्याकडच्या पावसासारखी आहे. एका शिवारात धो-धो, शेजारच्या शिवारात ढेकूळही भिजत नाही. २०२३ चा महिला विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झाला, ३२ संघ होते, जवळपास २० लाख लोकांनी मैदानात बसून बघितला. त्या स्पर्धेची बक्षिसाची रक्कम ११ कोटी डॉलर होती. त्याच्या आदल्या वर्षी पुरुषांच्या विश्वचषकाची ४४ कोटी.

आता टपरीवर या ११ आणि ४४ चा अर्थ असा काढतात, की बघणारे कमी म्हणून पैसा कमी, विषय संपला. मी मुलींना वर्गात याची उलटी गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पुरुष लढायला गेले आणि बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लागल्या. प्रेस्टन गावच्या डिक-केर नावाच्या अशाच एका कारखान्यातल्या पोरींनी संघ काढला. १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला, तेव्हा आत ५३ हजार लोक होते. जागा नाही म्हणून कित्येक बाहेरून परत गेले. वर्षही झालं नाही, तोवर डिसेंबर १९२१ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ही बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्यानेच मनाई होती. पश्चिम जर्मनीतही १९५५ ते १९७० बंदी होती. ५३ हजार माणसं बघायला आली म्हणून खेळ बंद पाडला, आणि आता विचारतात कोण बघतं! एवढं टपरीवर सांगितलं तरी चहा गार होईपर्यंत कुणी बोलणार नाही.

दुसरा आक्षेप येतो तो वेगाचा. बायकांचा खेळ संथ, गोली म्हणजे गोलरक्षक लगेच चुकते वगैरे. याचा मी राग मानत नाही, कारण त्यात मोजण्यासारखी गोष्ट आहे. फुटबॉलचा गोलपोस्ट सगळ्यांना सारखाच, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. व्हॉलीबॉलला बायकांची जाळी २.२४ मीटरवर असते, पुरुषांची २.४३ वर. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, बायकांचा ४ किलोचा. म्हणून व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरीला कुणी कमी लेखत नाही. फुटबॉलने ही सोय कधी केली नाही, पाच फूट चार इंचाची पोरगी त्याच आडव्या दांडीखाली उभी. एमा हेज या गाजलेल्या इंग्लिश प्रशिक्षिकेने पोस्ट लहान करावेत असं सुचवलं, तेव्हा खुद्द खेळाडू बायकांमध्येच दोन तट पडले. माझं मत विचाराल तर शाळेत चौदा वर्षांपर्यंत पोस्ट आणि मैदान लहानच हवं, मुलांनाही. मोठ्यांच्या खेळात हात लावू नये, कारण मग वेगळ्या मैदानाचं निमित्त करून चांगली मैदानं पुन्हा नाकारली जातील. हे मत चुकीचं ठरू शकतं, पण खेटे घालून झालेलं आहे.

भारताचं थोडक्यात सांगते. आपल्या मुली १९७९ आणि १९८३ च्या महिला आशियाई फुटबॉल स्पर्धेत, म्हणजे आताच्या आशियाई चषकात, उपविजेत्या होत्या, हे मला स्वतःला चाळिशीत कळलं. मग मोठी पोकळी. बाला देवी ही मणिपूरची खेळाडू जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे व्यावसायिक म्हणून गेली. २०२२ चा आशियाई चषक आपल्याच राज्यात, मुंबई-नवी मुंबई-पुण्यात होता. भारताच्या संघात कोरोना शिरला, मैदानात उतरायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि यजमानच स्पर्धेबाहेर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, भारतीय महासंघाला निलंबित केलं, तेव्हा गोकुलम केरळ या क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. न खेळता परत आल्या. भांडण पदाधिकाऱ्यांचं, बॅगा पोरींनी भरायच्या आणि पोरींनीच सोडायच्या. आणि मग ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये चियांग माईला भारताने यजमान थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्रता फेरी खेळून पहिल्यांदा पात्र ठरला. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. भूगोलाच्या सरांनी विचारलं, "कुणाचं लग्न जमलं?"

आता आपल्याकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

मराठवाड्याला फुटबॉल परका नाही. आपण निजामाच्या हैदराबादेत होतो, आणि हैदराबाद म्हणजे एकेकाळी भारतीय फुटबॉलचं माहेर. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्त्यात आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण जिंकला. मेलबर्नचे सामने सुरू झाले तेव्हा आपल्याला हैदराबाद राज्यातून निघून महिनाही झाला नव्हता. खेळ तिकडे राहिला, आपण इकडे आलो. शहरांमधल्या मोहल्ल्यांत, छावणीच्या मैदानावर पोरं खेळत राहिली. पोरींचा मात्र प्रश्नच कुणी काढला नाही.

पण पोरींनी खेळूच नये असं मराठवाडा म्हणतो का? नाही म्हणत. धाराशिवची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, सरकारी नोकरीत क्रीडा अधिकारी झाली. आमच्या भागात पोरगी खो-खो खेळते म्हणून कुणी भुवई उडवत नाही. कारणं साधी आहेत. खो-खोचं मैदान शाळेच्या अंगणात मावतं. बूट लागत नाहीत. मधल्या सुट्टीत डाव होतो. शिकवायला बाई असते. आणि नोकरी लागलेली पोरगी डोळ्यांसमोर असते. फुटबॉलला यातलं एकही नाही. म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं, की लोकप्रियतेची काळजी सोडा आणि घड्याळाकडे बघा.

माझ्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुली आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. येतात कशा, तर मानव विकासच्या निळ्या एसटीने. शाळा पाचला सुटते, गाडी सव्वापाचला. ही गाडी चुकली तर दुसरी सातची, ती भरलेली, आणि फाट्यावर उतरून पुढे दीड किलोमीटर अंधारात चालायचं. डिसेंबरात आपल्याकडे सहालाच दिवस मावळतो. मी पहिली तीन वर्षं सराव शाळा सुटल्यावर ठेवला आणि दर नोव्हेंबरला संघ गळायचा. मला वाटायचं पोरींना आवड नाही. मग एका वडिलांनी शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करून सांगितलं, "मॅडम, खेळायला ना नाही हो. पण मी कामावरून आठला येतो. तिला आणायला कोण येणार? साडेसहाच्या आत घरी पोचत असेल तर खुशाल खेळू द्या." तीन वर्षांत जे मला कळलं नाही ते त्यांनी मोटरसायकलवरून न उतरता सांगितलं.

गाडीची वेळ पाऊण तास पुढे न्यावी म्हणून मी डेपोत तीन खेटे घातले, अर्ज दिला, काही झालं नाही. मग शाळेचं वेळापत्रक हलवलं. बुधवारचे शेवटचे दोन तास आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा एक. गणिताच्या सरांशी यावरून माझं एक वर्ष बोलणं बंद होतं. आता त्यांचीच भाची आमची विंगर आहे, कडेने पळणारी. सरावाची वेळ आठवड्याला पाच तासांवरून तीनवर आली आणि संघ मात्र पहिल्यांदा मार्चपर्यंत टिकला. कमी सराव, पण त्याच पोरी.

घरच्यांचा दुसरा अडसर आजी. "मॅडम, पोरगी काळी ठिक्कर पडू लालीय. उद्या पाव्हणे बघायला आल्यावर काय तुमचा चेंडू दाखवू का?" हे हसण्यावारी नेऊ नका. राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे २२ टक्के निघालं, बीड-परभणीत त्याच्या जवळपास दुप्पट. नववी-दहावीतली पोरगी एकाच वेळी माझी सेंटर फॉरवर्ड असते आणि कुणाच्या तरी मामाच्या वहीतलं स्थळ असते. आजीशी वाद घालून मी कधी जिंकले नाही. आजीला मैदानावर खुर्ची टाकून दिली तेव्हा जिंकले. पोरीला पडताना बघून आधी ओरडली, मग रेफरीला शिव्या द्यायला लागली.

आणि कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणं. हे जालन्यातही तुम्हाला नवीन नाही, पण खेळाच्या अंगाने कुणी बोलत नाही. तालुक्याच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात होतात, मग जिल्हा, विभाग, आणि राज्यस्तर पुढे दिवाळीच्या मागेपुढे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात. म्हणजे जिल्हा जिंकलेला संघ विभागाला जाईपर्यंत मोडलेला असतो. २०२२ साली माझ्याकडे एक स्टॉपर होती, म्हणजे मागे मधोमध उभी राहून अडवणारी. आठवीतली, अंगाने किरकोळ, पण चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळायचं. समोरची पोरगी पाय उचलायच्या आत ही तिथे उभी. हे शिकवता येत नाही. तिच्या आईवडिलांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, त्याला कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, सांभाळायला कुणीतरी हवं. मी आणि मुख्याध्यापक दोनदा घरी गेलो. गावात हंगामी वसतिगृह मंजूर होतं, पण त्यात जेवणाची सोय होती, रात्री झोपायची नव्हती. आजीकडे ठेवा म्हटलं तर आजीही टोळीबरोबर स्वयंपाकाला चाललेली.

त्याच दिवाळीनंतर, ३० ऑक्टोबरला, नवी मुंबईत सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती. मी अकरा पोरींना घेऊन लातूरहून रात्रीच्या रेल्वेने गेले. बहुतेकींनी मुंबई पहिल्यांदा बघितली. स्पेन विरुद्ध कोलंबिया. कोलंबियाची लिंडा कैसेदो पंधराव्या वर्षी कर्करोगातून उठली होती, हे मी गाडीतच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आमच्या सगळ्या कोलंबियाच्या बाजूने. शेवटच्या दहा मिनिटांत कोलंबियाच्याच खेळाडूच्या पायाला लागून चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला आणि स्पेन १-० ने जिंकलं. आमच्या पोरी गप्प. परतीच्या वाटेवर आमच्या गोलीने विचारलं, "मॅडम, जिच्याकडून गेला तिला घरी कुणी बोलेल का?" याच स्पर्धेत भारत अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० हरला होता. त्यावर टपरीवर बरीच करमणूक झाली असणार. पण माझ्या पोरींना आकडे आठवत नव्हते. समोर आपल्याएवढ्याच वयाच्या पोरी आहेत आणि त्यांच्यासाठी दिवे लावलेत, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं.

स्टॉपर तेव्हा साखर कारखान्यावर होती. मी सामन्याचे तुकडे मोबाइलवर काढून तिच्या वडिलांच्या नंबरवर पाठवले. तीन दिवसांनी तिचा आवाजाचा मेसेज आला. मागे भाऊ रडतोय, कुठेतरी बैलगाडीचा आवाज, आणि ती सांगतेय, "मॅडम, स्पेनच्या मागच्या पोरी एका रेषेत उभ्या राहतात. आपण का नाही राहत?" मार्चमध्ये ती परत आली ती वजन उतरून. नववीत खेळली, दहावीत लग्न ठरलं, मोडलं, परत ठरलं. आता एका गावात आहे, मुलगी झाली. तिचं फुटबॉलमध्ये काही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा उत्तरांमध्ये शेवटी कुणीतरी राष्ट्रीय संघात पोचतं आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं नीट चाललंय.

पाठिंबा म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत. माझ्या हिशोबात बॅनर आणि सत्कार त्यात येत नाहीत. बूट येतात. आपल्या बाजारात तीन-चार नंबरचे स्टड मिळत नाहीत, दुकानदार म्हणतो मुलांचे पाच नंबर घ्या आणि पुढे कापूस घाला. कापूस घातलेल्या बुटाने पोरगी वळते तेव्हा पाय वळतो, बूट तिथेच राहतो. गुडघा गेला. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला तो मुख्य अस्थिबंध तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि आपलं मैदान म्हणजे एकतर मुरूम नाहीतर काळी माती. काळी माती पावसाळ्यात बुटाला दोन-दोन किलो चिकटते आणि जानेवारीत अशा भेगा पडतात की चेंडू सोडा, पाऊल आत जातं. पाणी मारा म्हणाल तर २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आम्ही बघितलंय, त्या वर्षी मैदानावर पाणी मारायचं मनातही आणता येत नव्हतं. म्हणून मैदान सुधारत नाही तोवर बूट आणि वॉर्म-अप. फिफाचा '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम आहे, फुकट आहे, साधन काही लागत नाही. नॉर्वेत किशोरवयीन मुलींवर त्याची चाचणी झाली तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. एका पायावर उभं राहणं, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं, बस्स. पोरींना कंटाळवाणं वाटतं, मी हट्टाने करून घेते.

आणि रक्त. दहा मिनिटांत धाप लागते त्या पोरीला आम्ही 'स्टॅमिना नाही' म्हणून बाहेर बसवायचो. एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर शिबिराला आल्या, सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासलं. बाहेर बसलेल्या चारही जणींचं नऊच्या खाली. देशात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण बाकावर बसलेलं बघितलं नव्हतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. पोरी ती खिडकीतून फेकतात, कारण मळमळतं. जेवणानंतर, माझ्यासमोर, असा नियम केला. शेंगदाण्याचा लाडू माझ्या पर्समधून. मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, भाऊ. बुटाच्या आधी ते.

आता प्रेक्षकांचं. तुमच्या मित्रांना सांगायला माझ्याकडे एक गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या गावची जत्रा चैत्रात असते, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. चार वर्षांपूर्वी मी यात्रा कमिटीला विनंती केली, की फड चारला सुरू होतो, तोवर बाजूच्या मोकळ्या रानात आमच्या पोरींचा सामना लावू द्या, सात-सात जणींचा, पंधरा-पंधरा मिनिटांचा. कमिटीतले एक मामा म्हणाले, "लावा, फड भरेपर्यंत लोकांना सावली तर मिळंल." चांगली जागा धरायला लोक दोनलाच आलेले असतात. बसले, बघायला लागले. पहिली दहा मिनिटं हशा. मग कुस्तीचं समालोचन करणाऱ्याने माइक हातात घेतला. त्याला फुटबॉल येत नव्हता, पण गाव येत होतं. "चेंडू आलाय बघा पोस्टमनच्या पोरीकडं, ती गेली, ती गेली, आडवी आली किराणावाल्याची नात!" बास. फड सोडून लोक उभे राहिले. पहिला गोल झाला तेव्हा हलगीवाल्याने आपणहून हलगी कडाडली. पोरी दचकून जागच्या जागी थांबल्या, त्यांना वाटलं काही चुकलं. सामना संपल्यावर एका पैलवानाने दोन्ही गोलींना पन्नास-पन्नास रुपये इनाम दिलं, कुस्तीत देतात तसं.

दुसऱ्या वर्षी कमिटीनेच निरोप धाडला. हलगीवाला तर म्हणाला, आता गोल कधी होतो ते आधी सांगत जा, मला हलगी तापवावी लागते. तेव्हा मला कळलं, आपल्याकडे माणूस खेळ बघायला येत नाही, ओळखीचं कुणीतरी बघायला येतो. मोहल्ल्यात, गल्लीत, जत्रेत, आठवडी बाजाराच्या दिवशी, जिथे गर्दी आधीच आहे तिथे सामना नेला पाहिजे. जिल्हा स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर कुणी येणार नाही, आणि न आल्याचा फोटो काढून पुन्हा विचारतील, कोण बघतं.

एक वेगळं पण जवळचं. आमच्या एका उर्दू शाळेच्या संघात गोली स्कार्फ बांधून खेळते. रेफरीने एकदा हरकत घेतली. फिफाने २०१४ मध्येच डोकं झाकून खेळायला परवानगी दिलीय, आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. हे छापून मी पिशवीत ठेवते आता. तुमच्या तालुक्यात अशी वेळ आली तर तुम्हीही ठेवा. हाफ पँटला घरचे नाही म्हणत असतील तर खाली लेगिंग्ज घालू द्या, त्यावर भांडत बसू नका. पोरगी मैदानात आली पाहिजे.

तुमचा शेवटचा प्रश्न, मुलांमध्ये खेळण्याचा. सातवीत बिनधास्त खेळू द्या. बारा-तेरा वर्षांपर्यंत ताकदीत फारसा फरक नसतो आणि मुलांबरोबर खेळलेल्या पोरीला चेंडू लवकर सोडायची सवय लागते. माझ्या चांगल्या खेळाडू सगळ्या गल्लीतूनच आल्या. नववीच्या सुमाराला मुलं अंगाने वाढतात, तेव्हा पाच-पाचच्या छोट्या खेळात राहू द्या, पूर्ण मैदानावर धडका नकोत. फक्त एक बघा. मुलं तिला सारखं गोलमध्ये उभं करत असतील, आणि बहुतेक करतातच, तर गल्लीतल्या मोठ्या पोराला बाजूला घेऊन सांगा, की पहिला अर्धा वेळ ती पुढे खेळेल. ऐकतात. चेंडू त्यांचा असेल तर कुरकुर करतील, म्हणून चेंडू तुम्हीच आणा. बारा पूर्ण झाली नसतील तर चार नंबरचा घ्या, पाच नंबरचा तिला अजून जड जाईल.